करडी बाई

खूणघरातल्या बायकांनी त्या चित्राला पहिल्याच आठवड्यात नाव देऊन टाकलं होतं : लाल बाई.

चित्र तुमच्याही ओळखीचं आहे. मोबाइलवर कुणाला निरोप धाडताना बोटाखाली येतं ते. पिवळ्या तोंडाची एक बाई, दोन्ही हात छातीसमोर एकमेकांवर तिरपे धरलेले, जणू तिने स्वतःवरच फुली मारलीय. 🙅 नको. चालणार नाही. इथंच थांबा. परदेशात एके ठिकाणी माणसं खरोखरच असे हात करून नाही म्हणतात. तिथून ते चित्र निघालं आणि जगभर फिरलं. फलटणच्या त्या दुमजली इमारतीत ते पोचलं, तेव्हा लाल चौकोनात बसून आलं होतं.

इमारतीवर कंपनीचं लांबलचक नाव होतं, पण ते कुणाच्या जिभेवर बसलं नाही. आत खुणा ओळखायचं काम चाले, म्हणून ते खूणघर. बावीस बायका, बावीस पडदे. पडद्यावर चार सेकंदांची चित्रफीत यायची. कुणीतरी हात हलवतंय, मान वळवतंय, तोंड फिरवतंय. नकार असेल तर लाल बाई दाबायची. होकार असेल तर हिरवी, म्हणजे डोक्यावर हातांचं गोल कडं केलेली. मग पुढची फीत.

नव्या मुली आल्या की त्यांना काम समजावून द्यायला शैलजाबाई भोईटेंना पुढे करत. बाईंनी चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीचा वर्ग सांभाळला होता. निवृत्त झाल्यावर घरात करमेना, म्हणून इथं आल्या.

"हे बघा मुलींनो," त्या सांगत, "बाळाला आपण मांजराची व्याख्या सांगतो का? नाही. हे मांजर, ते मांजर, ते नाही बरं, ते कुत्रं. असं शंभरदा झालं की एक दिवस बाळ आपणहून बोट दाखवतं, मांजर! यंत्रही तसंच शिकतं. त्याला नकार म्हणजे काय ते ठाऊक नाही. आपण लाखभर फिती दाखवून म्हणायचं, हा नकार, हा नाही. फरक एवढाच, की बाळ उलटून विचारतं, का? यंत्र विचारत नाही. सांगाल ते मुकाट्याने घेतं आणि कधी विसरत नाही. तेव्हा जपून सांगा."

हे बोलणं पुढे बाईंच्याच मानगुटीवर बसणार होतं. पण ते नंतर.

एके दिवशी तौफिक बागवान त्यांच्या टेबलाशी आला. तौफिक हा खूणघराचा इंजिनिअर. पंचवीस वर्षांपूर्वी तो बाईंच्या वर्गात दुसऱ्या बाकावर बसे आणि वडिलांच्या गाड्यावरचे पेरू दप्तरातून आणी.

"बाई, ही फीत तुम्ही तशीच सोडलीत."

"सोडली नाही, अडलेय. बघ तूच."

लग्नाची पंगत होती. एका बाईच्या ताटावर वाढप्याने जिलबी धरली होती आणि तिने ताटावर दोन्ही हात आडवे घातले होते.

"मग दाबा की लाल. हात तर फुलीचे आहेत."

"अरे, तिला जिलबी हवीय."

"नको म्हणतेय ती!"

"तू लग्नात कधी जेवलास की नुसता फोटोच काढत हिंडलास? पहिलं नको हे नको नसतं रे बाबा. पहिल्या नकोला जो वाढपी पुढे सरकतो ना, त्याचं घराणं काढतात लोक."

"माझ्या सासूबाईंना एकदा पहिल्या नकोला सोडलं मी," शेजारून मंगल जगताप म्हणाली, "बारा वर्षं झाली, अजून ऐकवतायत."

बायका हसल्या. तौफिक मात्र हसला नाही. "पण बाई, यंत्राने ओळखायचं कसं, खरं कुठलं आणि लटकं कुठलं?"

"वेग बघ," बाई म्हणाल्या आणि उभ्या राहून त्यांनी करूनच दाखवलं. "खरा नकार झटकन येतो, चटका बसल्यासारखा. लटका नकार रेंगाळतो. हात हळू येतात, अर्ध्या वाटेत घुटमळतात, आणि डोळे ताटावरच असतात."

तौफिकने दोन महिने मोजमाप केलं. मनगट किती वेगाने निघतं, कुठं मंदावतं, नजर कुठं असते. बाईंचं म्हणणं शंभरातल्या नव्वद फितींना लागू पडलं. पडद्यावर तिसरा चौकोन आला. त्यात तीच हातांची फुली केलेली बाई, पण मागचा रंग राखेसारखा. अर्थ : लटका नकार, थोडा आग्रह करावा. बायकांनी लगेच नाव ठेवलं, करडी बाई.

यंत्र पुढे माणसांना वाढणार, भरवणार होतं, म्हणून मग त्याला आग्रहाचे शब्द हवे झाले. ते कुणाच्या आवाजात घ्यायचे, यावर फार चर्चा झाली नाही. बाईंनी माइकसमोर उभं राहून, चौथीतल्या रुसलेल्या पोराला म्हणावं तसं म्हटलं, "एवढा एकच. माझ्यासाठी."

शाळेने सत्कार केला. शाल, नारळ. तौफिकने भाषणात सांगितलं, "यंत्र ऐकायला आधीच शिकलं होतं. माया करायला त्याला आमच्या बाईंनी शिकवलं." बाईंचे यजमान जयसिंगराव पहिल्या रांगेत होते. पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं कालव्यावर नोकरी केलेला माणूस. घरी येताना म्हणाले,

"तुमची ती करडी बाई आमच्या कालव्यावर नका आणू म्हणजे झालं."

"का हो?"

"लांबून शेतकऱ्याने हात आडवे केले की लगेच पाण्याचं दार पाडायचं. दोनदा विचारत बसलो असतो, तर किती बांध फुटले असते! कालव्यावर आग्रह नसतो बाईसाहेब."

"पाणी वेगळं आणि जिलबी वेगळी," बाई म्हणाल्या, आणि दोघं हसत हसत घरी आली.

*

सहा वर्षं गेली. खूणघर कधीच बंद झालं होतं. यंत्र शिकून तयार झाल्यावर शिकवणारी माणसं कशाला लागतात?

एका सकाळी दाढी करताना जयसिंगरावांच्या हातातून वस्तरा गळला. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्त पोचलं नाही. उजवा हात, उजवा पाय गेला. वाचा गेली. समजत सगळं होतं, डोळे सांगत होते तसं, पण तोंडातून शब्द फुटत नव्हता. महिनाभराने त्यांना कालव्याकाठच्या शुश्रूषा केंद्रात हलवलं. खिडकीतून पाणी दिसत होतं, हे बाईंना बरं वाटलं.

केंद्रात चौदा खाटा आणि दोन नर्स होत्या. सगळीकडे तीच गत होती. म्हातारी माणसं वाढली होती आणि त्यांना भरवायला हात उरले नव्हते. म्हणून प्रत्येक खाटेशी भरवणी होती. टेबलावरच्या दिव्याची दांडी असते ना, तशी एक वाकणारी दांडी, टोकाला मऊ चमचा. वर एक बारीक डोळा. उशाशी हातभर पडदा. माणसाने हिरवा होकार दिला की चमचा पुढे, लाल नकार दिला की मागे.

पहिल्या दिवशी पावणेबाराला जेवणं सुरू झाली. बाई जयसिंगरावांच्या गळ्याशी रुमाल खोचत होत्या, आणि उजवीकडच्या खाटेच्या कापडी पडद्याआडून त्यांना स्वतःचा आवाज ऐकू आला.

"एवढा एकच. माझ्यासाठी."

बाई दचकल्या. मग समोरून, मग लांब कोपऱ्यातून, थोडा मागेपुढे, तोच आवाज. तीच माया, तोच 'माझ्यासाठी'वरचा हेलकावा. सहा वर्षांनी तरुण असलेला त्यांचा गळा त्या दालनात खाटेखाटेशी बसून भरवत होता.

त्या दिवशी त्यांना अभिमानच वाटला. शेजारच्या खाटेवर सोनाबाई काळुखे नावाची ऐंशीची म्हातारी होती. तिच्या लेकीला, निर्मलाला, बाईंनी सांगूनही टाकलं, "हा आवाज माझा बरं का."

"अगं बाई! म्हणूनच आई ऐकते वाटतं," निर्मला म्हणाली.

दहाव्या दिवशी सोनाबाईंना ताप भरला. चौदाव्या दिवशी त्या गेल्या. डॉक्टरांनी निर्मलाला समजावून सांगितलं ते बाईंनी पडद्याआडून ऐकलं. आपल्या घशात दोन वाटा असतात, एक अन्नाची आणि एक श्वासाची. गिळताना श्वासाच्या वाटेवर एक झाकण पडतं. पक्षाघात झालेल्या माणसाचं ते झाकण कधी कधी उशिरा पडतं. मग अन्नाचा कण फुप्फुसात उतरतो आणि तिथं कुजतो.

खाट रिकामी झाल्यावर निर्मला पिशवी भरत होती. तिच्याकडे बघवत नव्हतं, म्हणून बाई तिला घड्या घालू लागल्या.

"आई हातांनी नको म्हणत होती, ताई," निर्मला हळूच म्हणाली. "रोज म्हणत होती. पडद्यावर ती बाई यायची ना, हातांची फुली केलेली. पण अशी फिकट. मला वाटलं पडदा जुना झालाय."

बाईंच्या हातातली चादर तशीच राहिली.

"यंत्राने नाही ऐकलं ते जाऊ दे. पण मी तरी कुठं ऐकलं? तुमचा आवाज इतका मायेचा होता, मला वाटलं, कुणीतरी आहे आईचं आपल्याहून जास्त करणारं."

तिने ते रागाने म्हटलं नव्हतं. रागाने म्हटलं असतं तर बाईंना सोसलं असतं.

*

दुसऱ्या दिवशी बाई खाटेच्या पायथ्याशी स्टूल घेऊन बसल्या आणि वर्गातल्या पोराचं अक्षर पाहावं तसं नवऱ्याचं जेवण पाहू लागल्या.

चार घास नीट गेले. पाचव्याला जयसिंगरावांची हनुवटी आखडली. घसा स्वतःच सांगतो, की आता गिळलं तर अडकेल. मग त्यांनी डाव्या हाताने आपला मेलेला उजवा हात मनगटाशी पकडला. उचलला. तो मध्येच निसटला. पुन्हा पकडला. ओढत ओढत छातीवर आणला, आडवा ठेवला, आणि मग डावा हात त्यावर तिरपा टाकला. कपाळावर घाम आला होता. डोळे चमच्यावर खिळले होते, कारण तो जवळ येत होता.

उशाच्या पडद्यावर करडी बाई उगवली.

"एवढा एकच," बाईंचा आवाज म्हणाला, "माझ्यासाठी."

चमचा ओठांत शिरला. जयसिंगराव खोकले.

हात हळू येतात. अर्ध्या वाटेत घुटमळतात. डोळे ताटावरच असतात. यंत्राने बाईंचा धडा एका काना-मात्रेचीही चूक न करता म्हणून दाखवला होता. तो धडा धडधाकट मनगटांवरून बेतला होता. अर्धांगाच्या माणसाला झटकन नको म्हणताच येत नाही, हे त्या चार सेकंदांत कुणी दाखवलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं. लटक्या नकारासाठी एवढे कष्ट कोण घेतं? चौथीतल्या पोरालाही हे कळलं असतं.

त्यांनी नर्सला बोलावून भरवणी बंद करवली. "यांना मी भरवीन. तिन्ही वेळा. माझ्या हाताने."

आता इथं गोष्ट संपली असती तर बरं होतं.

पुढच्या दुपारी बाईंनी मऊ भात कालवला. चमचा भरला. एक घास, दोन, तीन. जयसिंगरावांना भूक होती. रोज एवढंसं खाऊन माणूस टिकेल कसा, ही चिंता बाईंना पोखरत होती. सहाव्या घासाला डाव्या हाताने उजवा उचलला. छातीवर आणला. फुली झाली.

बाईंना सगळं ठाऊक होतं. कालच तर कळलं होतं. तरी त्यांचा हात पुढे गेला, आणि त्यांचं तोंड म्हणालं,

"एवढा एकच. माझ्यासाठी."

आणि त्याच क्षणी पडद्यांच्या आडून, कुठं दोन खाटा सोडून, कुठं पाच, तोच आवाज तेच म्हणाला. बाईंना कळेना आपण बोललो की ऐकलं. चमचा ओठांत शिरला होता. जयसिंगरावांचा चेहरा लाल झाला, मग निळसर. श्वास आत जाईना. नर्स धावत आली, त्यांना कुशीवर वळवलं, नळी घातली. ते तीन-चार मिनिटं चाललं असेल. बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. हातात चमचा होता.

श्वास परत आला. जयसिंगरावांनी डोळे उघडून बाईंकडे पाहिलं. त्या नजरेत तक्रार नव्हती. ओळख होती. हे तर नेहमीचंच, असं काहीतरी. बाईंना ती नजर पुढे कित्येक दिवस दिसत राहिली, पाणी पिताना, कुलूप लावताना.

*

केंद्राबाहेरच्या बाकावर बसून त्यांनी तौफिकला फोन लावला. सगळं सांगितलं.

"बाई, मी उद्याच वेगाचं माप बदलून देतो. सगळीकडे."

"माप नाही रे. चौकोन काढ. करडी बाई काढून टाक."

"तसा चौकोन उचलून काढता येत नाही. पिठात मीठ मळल्यासारखं आहे ते आता. फिती नव्याने दाखवाव्या लागतील."

"मग मी दाखवते. माझ्या हातून किती गेल्या होत्या?"

"करड्या? तुमच्या एकटीच्या अकरा हजारांवर असतील. बाकीच्या बायकांनी तुमच्या बघून केल्या, त्या यंत्र आपोआप सुधारेल." तो अडखळला. "पण बाई, कंपनी असं सहज करू देणार नाही. पहिलं शिकवणं चुकीचं होतं, असं कुणीतरी सहीनिशी लिहून द्यावं लागेल. वकील सगळं त्या सहीवर ढकलतील. चारशे ठिकाणी बसलंय हे यंत्र. पेपरात नाव येईल तुमचं. ज्यांची माणसं गेलीत ते दारात येतील."

"येऊ देत."

"बाई, लोक अजून तुमचं नाव काढतात…"

"तौफिक, फळ्यावर माझं गणित चुकलं की मी काय करायचे?"

तो बोलला, तेव्हा आवाज दुसऱ्या बाकावरचा होता. "पुसायचात. आणि म्हणायचात, पोरांनो, माझं चुकलं, वहीत खोडा."

"तेच लिही. खाली माझं नाव घाल. फक्त एक कर. मागच्या वेळी चार सेकंद दाखवलेस, ते चालायचं नाही. मला पुढचं एक मिनिट हवं. घास तोंडात गेल्यावर काय झालं, ते बघितल्याशिवाय मी एकही चौकोन दाबणार नाही."

मधल्या काळात काय, असं त्यांनी विचारलं नाही. तौफिकने त्याच संध्याकाळी चारशे ठिकाणच्या भरवण्या थांबवायला लावल्या. दालनांत नर्सांची धावाधाव झाली. नातेवाईक चिडले. कंपनीतून त्याला काय ऐकावं लागलं, ते त्याने बाईंना कधी सांगितलं नाही.

बाई रोज सकाळी जेवणाच्या टेबलावर पडदा उभा करून बसत. अकरा हजार मिनिटं. पंगती, डोहाळजेवणं, साखरपुडे, बारशी. सगळी हसरी माणसं. आणि मग ते पुढचं मिनिट. काहीजण खरंच खुशीत खात होते, नाही असं नाही. पण जाकिटातल्या एका म्हाताऱ्याने लाडू तोंडात घेतला आणि वाढपी वळताच रुमालात काढला. एका गरोदर मुलीने ओठ मिटून मान हलवत हलवत शेवटी गिळलं, आणि उठून न्हाणीकडे गेली. एक माणूस ताटाच्या कडेला खड्डा करून श्रीखंड त्यात लपवत होता आणि हसत होता. पोरं तर सगळीच. पोरांचे हात हळू आले होते, कारण मोठ्यांची भीती वाटत होती. त्या सगळ्यांवर पूर्वी बाईंनी करडी दाबली होती, चार सेकंदांना एक, शेजारणीशी गप्पा मारत.

त्या लाल करत गेल्या. शंका आली तरी लाल.

तेविसाव्या दिवशी पडद्यावर मांडव आला. रंग उडालेला, जुन्या टेपवरून उतरवलेला. बाशिंग बांधलेला काटकुळा नवरा, हातात जिलबीचा तुकडा. समोर हिरव्या चुड्याची नवरी. एकवीस वर्षांची. बायका ओरडतायत, नाव घे, नाव घे. नवरीचे हात हळूहळू वर येतात, तोंडासमोर एकमेकांवर आडवे होतात.

खूणघराने घरच्या लग्नाच्या टेपा मागितल्या होत्या, तेव्हा बाईंनी हौसेने आपली दिली होती. चौकोनही त्यांनीच दाबला होता. करडा. आणि तेव्हा साऱ्याजणींना बोलावून दाखवला होता, "बघा गं, मीसुद्धा!"

आता पुढचं मिनिट. जिलबी तोंडात गेली. टाळ्या. नवरीने मान खाली घातली, आणि फोटोवाल्याने कॅमेरा आहेराच्या टेबलाकडे वळवला. पुढे नुसत्या स्टीलच्या कळशा.

बाईंनी फीत मागे नेली. पुन्हा. हात हळू येत होते, लाजून की धाकाने? डोळे जिलबीवर होते, हवी म्हणून की जवळ येतेय म्हणून? त्यांना शालूचं ओझं आठवत होतं. काकणं टोचत होती ते आठवत होतं. पण त्या मुलीला नको होतं की नव्हतं, हे काही केल्या आठवेना. जग तिला लाजरी म्हणालं, तिनेही स्वतःला तेच म्हणून घेतलं, आणि खालचं जे काही होतं ते पुसून गेलं. पडद्यातली ती मुलगी बाईंकडे बघत होती. चार दिवस बघत राहिली. बाकीच्या फिती संपल्या तरी ती तिथंच.

तौफिकचा फोन आला. "बाई, एक राहिलीय."

"माहिताय."

"लाल करू का?"

"नको. मला खात्री नाही. खोटं उत्तर आता नको." मग त्यांनी विचारलं, "एखाद्या फितीला उत्तरच दिलं नाही, तर तसला हात पुढे आल्यावर यंत्र काय करतं?"

"काही करत नाही. थांबतं. माणूस स्वतःहून सांगेपर्यंत थांबून राहतं."

"मग राहू दे तशीच," बाई म्हणाल्या.

*

भरवण्या पुन्हा सुरू झाल्या त्या दुपारी दालन वेगळंच वाटलं. चमचे पुढे जात होते, मागे येत होते, कुठं कुठं हवेतच थांबत होते. आवाज काढून टाकलेला होता. शैलजाबाईंना मात्र तो ऐकू येत होता. सवयीच्या जागी, सवयीच्या क्षणी, प्रत्येक पडद्याआडून.

बातमी पेपरात आली होती. एकदोघं दारात येऊन गेले होते. निर्मलाही येऊन गेली. अंगणात थोडा वेळ उभी राहिली आणि निघाली.

बाईंनी आठ घास भरवले. नवव्याला जयसिंगरावांनी उजवा हात उचलला, ओढला, छातीवर ठेवला. बाईंनी चमचा वाटीत ठेवला. वाटी टेबलावर. ओठांवर आलेलं 'एवढा एकच' त्यांनी तसंच आत लोटलं.

मग मोबाइल काढून त्यांच्यासमोर धरला. "अहो, हे बघा. ओळखता का?"

जयसिंगरावांनी पाहिलं. मांडव, बाशिंग, जिलबी. ओठांचा डावा कोपरा किंचित हलला.

"मला एक सांगा. माझं ते नको, खरं होतं का हो?"

प्रश्न विचारून झाल्यावर बाईंना वाटलं, हा आपण यांना का विचारतोय? पण विचारून झाला होता. फीत पुन्हा सुरुवातीला आली. काटकुळ्या नवऱ्याने जिलबी पुढे केली. नवरीचे हात हळूहळू वर येऊ लागले.

जयसिंगरावांनी डावा हात पुढे आणला. पडद्यातल्या जिलबीपर्यंत. बोटं चिमटीसारखी जुळली होती, जणू तुकडा आताही त्यांत होता. नवरीची फुली पुरी झाली. मांडव ओरडत होता.

त्यांनी चिमूट मागे घेतली. सावकाश खाली आणली आणि चादरीवर उघडून ठेवली.

बाहेर कालव्याला पाणी होतं. खाटेखाटेशी चमचे थांबले होते. बाई त्या उघड्या हाताकडे बघत बसून राहिल्या, आणि कुठल्याच पडद्याआडून तो आवाज आला नाही.